टर्कीची कातडी: मेलेला पक्षी 'जिवंत' दिसावा म्हणून काय करावं लागतं?

पिसारा फुलवून, छाती काढून ऐटीत उभा असलेला भलामोठा टर्की. अमेरिकेत शिकारीची आवड असलेल्यांच्या दिवाणखान्यात असा पक्षी हमखास दिसतो. अगदी जवळ गेलं तरी तो खराच वाटतो. पण त्यात खरं असतं ते फक्त वरचं आवरण, म्हणजे कातडी, पिसं, पाय आणि पंखांतली काही हाडं. आतलं सगळं बनावट. बऱ्याचदा डोकंसुद्धा!

या कलेला टॅक्सीडर्मी म्हणतात. मराठीत आपण 'पेंढा भरणं' म्हणतो, पण आता आत पेंढा नसतो, फोमचा तयार साचा असतो. साचा विकत मिळतो, काचेचे डोळे विकत मिळतात. कातडी मात्र एकच असते. ती फाटली किंवा पिसं गळाली, तर सगळंच फसतं.

टर्कीच का?

रानटी टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेतला पक्षी. नराचं वजन साधारण 7 ते 11 किलो असतं आणि अंगावर 5 ते 6 हजार पिसं असतात. उन्हात ती तांब्यासारखी चमकतात. छातीवर केसांसारखी लोंबणारी 'दाढी' आणि पायांवर टोकदार काटे, ही नराची ओळख.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोडीमुळे हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पुढे 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. जंगलात पकडलेले टर्की दुसरीकडे नेऊन सोडले गेले. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत तो आहे. शिकारीचा हंगाम, परवाना आणि मर्यादा राज्य सरकारं ठरवतात.

पहिले काही तास महत्त्वाचे

टॅक्सीडर्मीचं काम शिकारीच्या जागीच सुरू होतं. पक्षी पडल्यावर जमिनीवर फडफडला, तर पिसं मोडतात. मोडलेलं पिसू पुन्हा सरळ होत नाही. रक्त लागलं तर ते लगेच थंड पाण्याने पुसतात. चोचीत आणि जखमेत कापूस भरतात, म्हणजे आतला ओलावा पिसांवर येत नाही.

गरम हवेत कातडी लवकर कुजू लागते आणि पिसांची मुळं सैल होतात. म्हणून पक्षी लगेच थंड करतात. त्याच दिवशी काम होणार नसेल, तर डोकं पंखाखाली दुमडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवतात.

कातडी कशी काढतात?

1. पक्ष्याला पाठीवर झोपवतात. छातीच्या मधल्या हाडावरची पिसं बाजूला सारून पोटापर्यंत एक सरळ चीर देतात. चीर फक्त कातडीला द्यायची, मांसाला नाही.

2. इथून पुढे सुरी कमी, बोटं जास्त. कातडी ओढायची नाही, मांसापासून हळूहळू ढकलत सुटी करायची. ओढली की ती ताणली जाते आणि फाटते.

3. मध्ये मध्ये टाकणखार किंवा मक्याचं पीठ भुरभुरतात. ते रक्त आणि चरबी शोषून घेतं, त्यामुळे पिसं चिकटत नाहीत.

4. पाय गुडघ्याच्या सांध्यात सोडवतात. नळीच्या हाडावरचं मांस काढतात. खवले असलेला खालचा पाय कातडीसोबतच राहतो.

5. शेपटीजवळ सर्वात मोठा धोका. तिथे साधारण 18 मोठी पिसं असतात आणि त्यांची मुळं एकत्र रुतलेली असतात. चीर जरा पुढे गेली की पिसारा सुटा होऊन हातात येतो. म्हणून शेपटीचं टोकाचं हाड कातडीलाच ठेवतात.

6. मग मोजा उलटा करावा तशी कातडी मानेकडे सरकवतात. पंख खांद्याच्या सांध्यात सोडवून आतलं मांस साफ करतात.

उरलेलं मांस वाया जात नाही. ते स्वच्छ राहिलं असेल तर शिकारी ते खातात.

खरी मेहनत चरबीची

वसंत ऋतूत नर टर्कीच्या छातीवर चरबीचा जाड थर असतो. विणीच्या काळात त्याचं खाणं कमी होतं, तेव्हा हा साठा त्याला पुरतो. टॅक्सीडर्मी करणाऱ्याला मात्र तो खरवडून काढावा लागतो. चरबी राहिली तर काही महिन्यांनी तेल बाहेर झिरपतं, पिसं पिवळी पडतात आणि किडे लागतात.

खरवडल्यावर कातडी साबणाच्या पाण्यात धुतात आणि गार हवेच्या झोताने पिसं फुलेपर्यंत वाळवतात. नंतर टाकणखार लावतात किंवा कातडी कमावतात. अठराव्या शतकात फ्रान्सच्या बेकूर या औषधविक्रेत्याने यासाठी आर्सेनिकचा साबण बनवला होता आणि पुढे तो दीर्घकाळ वापरात होता. त्यामुळे जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांना उगाच हात लावू नये.

डोकं नकली का?

टर्कीचं डोकं बिनपिसांचं असतं आणि मूडप्रमाणे लाल, पांढरं, निळं होतं. हा रंग रक्तप्रवाहावर अवलंबून असतो, त्यामुळे मेल्यावर तो जातो आणि वाळल्यावर कातडी आकसते. म्हणून डोकं खास यंत्रात गोठवून सुकवतात किंवा साच्यातून बनवलेलं डोकं रंगवून बसवतात.

या रंगबदलाने बादशहा जहांगीरही चकित झाला होता. मुकर्रब खानाने गोव्याहून त्याच्यासाठी टर्की आणला होता, आणि जहांगीरने मन्सूर या दरबारी चित्रकाराकडून 1612 च्या सुमारास त्याचं चित्र काढून घेतलं. चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

भारतात हे करता येतं का?

रानटी टर्की भारतात नाही. पण असे व्हिडिओ पाहून कुणी मेलेल्या मोरावर प्रयोग करायला गेलं, तर प्रकरण थेट तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. मोर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशा गुन्ह्यासाठी 3 ते 7 वर्षं कैदेची तरतूद आहे. प्राणी आपोआप मेला असला, तरी तो सरकारी मालमत्ता ठरतो.

कायदेशीर काम कसं चालतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 पासून टॅक्सीडर्मी केंद्र आहे. पशुवैद्यक डॉ. संतोष गायकवाड यांनी तिथे मृत वाघ, सिंह, बिबट्यांचं जतन अभ्यास आणि जनजागृतीसाठी केलं आहे.

तुम्हाला कुठे मेलेला मोर किंवा दुसरा वन्यप्राणी दिसला, तर त्याला हात न लावता महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.