निरुपयोगी पदक

जी वस्तु कशासाठीं आहे हेंच कळत नाहीं तिचें करावें काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाहीं. उत्खननांत निघालेल्या वस्तूंच्या याद्यांत 'उपयोग अज्ञात' असा शेरा जागोजाग आढळतो, व त्या शेऱ्यावर विद्वानांच्या पिढ्या झुंजतात. हाच प्रश्न गेल्या अर्धशतकांत एका अगदीं निराळ्या ठिकाणीं उभा राहिला आहे. तें ठिकाण म्हणजे काल्पनिक जगांत वीराची भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ. हा विषय पोरकट म्हणून पान उलटणारे वाचक असतील. त्यांस आमची विनंति इतकीच कीं, पदकाच्या प्रकरणापर्यंत तरी त्यांनीं धीर धरावा.

या खेळांचें मूळ १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळांत आहे. कागद, पेन्सिल, फांसे आणि चार मित्रांची कल्पनाशक्ति एवढेंच त्याचें साहित्य. भुयारांत एखादी विचित्र आंगठी सांपडली आणि तिचें काय करावें हें सुचेना, तर खेळ चालविणारा गडी समोरच बसलेला असे. त्याच्या मुद्रेवरूनहि पुष्कळ उमगे. हेच खेळ पुढें संगणकावर आले तेव्हां ही सोय नाहींशी झाली. कर्ता पडद्याआड गेला, वस्तु तेवढी हातांत राहिली.

आणि कर्ता पडद्याआड गेला कीं लपंडाव आलाच. अटारी कंपनीसाठीं वॉरन रॉबिनेट यांनीं रचलेला 'ॲडव्हेंचर' हा १९८० चा खेळ पाहा. त्यांत किल्ले आहेत, तीन ड्रॅगन आहेत व शोधून आणावयाचा एक जादूचा चषक आहे. एका कोंडलेल्या दालनांत भोंवतालच्याच करड्या रंगाचा, म्हणून जवळजवळ अदृश्य, असा एक ठिपका होता. चषक मिळविण्याच्या कामीं त्याचा उपयोग शून्य. परंतु तो उचलून योग्य त्या भिंतीपाशीं नेला तर भिंतींतून वाट मिळे, व पलीकडच्या खोलींत रॉबिनेट यांचें नांव झळके. त्या काळीं ती कंपनी खेळ रचणाऱ्यांचीं नांवें जाहीर करीत नसे. ठिपका म्हणजे कर्त्यानें चोरून केलेली सही होती! या एका ठिपक्यानें खेळणाऱ्यांस जी संवय लाविली ती अद्याप सुटलेली नाहीं: जी वस्तु निरुपयोगी दिसते तिच्याखालींच कांहींतरी पुरलेलें आहे, असें ते धरून चालूं लागले.

या श्रद्धेचें बळ किती, हें 'डायब्लो' या खेळाच्या हकीकतीवरून दिसतें. १९९६ च्या अखेरीस निघालेल्या या खेळांतील ट्रिस्ट्राम गांवीं कांहीं गाई उभ्या असत. त्यांच्यावर ठराविक वेळां क्लिक केलें तर गुप्त प्रदेशाचें दार उघडतें, अशी बातमी पसरली. ती सर्वस्वीं खोटी होती. कर्त्यांनीं १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट' या आपल्या दुसऱ्या खेळांत, 'गाईंचा प्रदेश नाहीं' अशा अर्थाचें वाक्य गुप्त संकेत म्हणून घालून तिची थट्टाहि केली. पण २००० सालीं 'डायब्लो २' आला, त्यांत उध्वस्त ट्रिस्ट्राममध्यें विर्ट नांवाच्या मुलाच्या प्रेतापाशीं त्याचा लांकडी पाय सांपडूं लागला. असला पाय घेऊन करावें काय? तर खेळ एकवार पुरा जिंकून, तो पाय व गांवीं परतण्याच्या मंत्राची पोथी हीं दोन्हीं जादूच्या पेटींत एकत्र केलीं कीं दार उघडे, आणि आंत दोन पायांवर चालणाऱ्या सशस्त्र गाईंचा कळप! आधीं अफवा आणि मागाहून वस्तुस्थिति असा हा उलटा क्रम आहे. खऱ्या इतिहासांत असें घडत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये.

आतां पदकाकडे वळूं. जपानांतील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीनें सप्टेंबर २०११ मध्यें 'डार्क सोल्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणीं आपल्याला पुरतीं न कळणारीं इंग्रजी पुस्तकें वाचीत, व न कळलेल्या जागा कल्पनेनें भरून काढीत, असें त्यांनींच सांगितलें आहे. (मराठी शाळेंतून कॉलेजांत आलेल्या आमच्यासारख्या कित्येकांनीं इंग्रजी कादंबऱ्या अशाच वाचल्या, आम्ही त्यांतून प्राध्यापक झालों, इतकाच फरक.) या खेळांतहि कथा कोणी सरळ सांगत नाहीं. ती प्रत्येक वस्तूखालीं लिहिलेल्या दोन-चार ओळींत विखुरलेली आहे, आणि जुन्या दप्तरांतील चिटोऱ्यांवरून एखाद्या घराण्याची हकीकत जुळवावी तशी ती खेळणाऱ्यानें जुळवावयाची असते.

प्रारंभीं खेळणाऱ्यानें एक भेट निवडावयाची. बरीचशीं कुलपें उघडणारी किल्ली, स्फोटक गोळे, दुर्बीण, प्राण भरून काढणारें पवित्र जल अशा उपयोगी जिनसांच्या जोडीस तेथें दोन चमत्कारिक वस्तु मांडलेल्या आहेत. एक वृद्ध चेटकिणीची आंगठी. तिच्यावर न वाचतां येणारा मजकूर कोरला असून ती निरुपयोगी दिसते, असें तिचें वर्णन. दुसरें साधें पदक. त्याचा परिणाम कांहीं नाहीं असें तेथें स्वच्छ लिहिलें आहे, आणि खडतर प्रवासांत सुखद आठवणी जवळ असाव्या लागतात अशी वर पुस्ती जोडली आहे.

पैकीं आंगठीचें निरुपयोगीपण वरवरचेंच निघालें. रोगट दलदलीच्या टोकाला क्वेलाग नांवाची, अर्धे शरीर कोळिणीचें असलेली, एक राक्षसी आहे. तिला मारल्यावर मागें एका मायावी भिंतीआड तिची आजारी, पांढरीशुभ्र बहीण सांपडते. तिची भाषा कळत नाहीं. आंगठी घातली तरच कळते. आणि कळतें तें हें कीं, ती आपल्याला क्वेलाग समजून बोलत आहे. जिला मारून आपण आंत आलों तिच्याच नांवानें ती आपल्याला हांक मारते! सगळ्या खेळांत याहून करुण प्रसंग थोडे असतील, आणि तो ज्यानें निरुपयोगी आंगठी पत्करली त्याला आरंभापासूनच खुला असतो.

यादींतल्या एका निरुपयोगी वस्तूंत एवढें दडलेलें असतां, दुसरींत कांहींच नाहीं यावर कोण विश्वास ठेवील? शिवाय, तुम्ही स्वतः कोणती भेट घ्याल, या प्रश्नास मियाझाकी यांनीं 'पदक, नाहींतर कांहींच नको' अशा अर्थाचें उत्तर देऊन ठेवलें होतें. मग काय विचारतां! लोकांनीं पदक घेऊन प्रत्येक मूर्तीपुढें, प्रत्येक थडग्याशीं, प्रत्येक पात्राजवळ धरणें धरलें. पहिल्या अंकांत भिंतीवर बंदूक टांगली असेल तर पुढें ती उडालीच पाहिजे, हा चेकॉव्हचा नियम न वाचलेल्यांनींहि तो इमानानें पाळला. अखेर २०१२ सालीं मियाझाकी यांनीं कबूल केलें कीं, तें उत्तर म्हणजे आपली खोडी होती.

कित्येकांस हा विश्वासघात वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. पदकाच्या वर्णनांत एक अक्षर खोटें नव्हतें. जगांतल्या साऱ्या गूढ ओळी वाचणाऱ्यांनीं एवढी एकच सरळ ओळ वाचण्याचें नाकारलें. तथापि खेळणाऱ्यांस मूर्ख म्हणण्याचा अधिकारहि आम्हांस नाहीं, कारण आंगठीच्या अनुभवावरून काढलेलें त्यांचें अनुमान रीतीला धरूनच होतें. आणि त्यांचें भाग्य असें कीं, त्यांस उत्तर देणारा कोणी होता. रोमन साम्राज्याच्या वायव्येकडील प्रांतांत, आल्प्सच्या उत्तरेस व पश्चिमेस, बारा पंचकोनी बाजूंचे पोकळ कांस्य गोळे शंभरांहून अधिक सांपडले आहेत. बाजूंना लहानमोठीं भोंकें, कोपऱ्यांवर गोंडे. एकाहि रोमन ग्रंथांत त्यांचा उल्लेख नाहीं. मेणबत्तीची बैठक म्हणावें, मोजणीचें साधन म्हणावें, हातमोजे विणण्याचा सांचा म्हणावें, कीं नुसती शोभेची वस्तु? ती खोडी होती, असें सांगावयास कोणी येणार नाहीं.

या हकीकतीला एक शेपूट आहे. त्याच २०१२ सालीं 'डार्क सोल्स'ला एक जोडप्रकरण मिळालें, आणि त्याची किल्ली म्हणून निवडली गेली ती वस्तु म्हणजे एक मोडकें पदक! ग्रंथसंग्रहालयांतील एका स्फटिकाच्या राक्षसाकडून तें मिळवावें, आणि जेथून राजकन्या डस्कला सोडविलें त्या तळ्याकाठच्या जागीं न्यावें. तेथें काळोखांतून एक प्रचंड हात येऊन आपल्याला गतकाळांत ओढून नेतो. तो हात मॅनस नांवाच्या पुरातन मानवाचा असून तोहि आपलें हरवलेलें पदकच शोधीत असतो. हें पदक आणि आरंभींचें पदक एक नव्हेत. पण वर्षभर ज्यांनीं पदकाचा ध्यास घेतला त्यांच्यापुढें पदकासाठींच वेडा झालेला राक्षस उभा करणें हा योगायोग असावा, असें मानण्यास आमचें मन तयार होत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या पदकाचें करावें काय? एक व्यवहारी उत्तर आहे. ज्या कारागृहांतून खेळ सुरू होतो तेथें परत गेल्यास, न दिसणारा एक कावळा घरट्यांतून अदलाबदल करतो. तेथें पदक टाकून, खेळ बंद करून पुन्हां सुरू केला, तर त्याच्या जागीं अपराध्याचा कापलेला कान मिळतो, व तो सूडाच्या व्रतांत देवतेस वाहतां येतो. सुखद आठवण देऊन कान घ्यावयाचा! असा सौदा आम्ही करणार नाहीं. नवख्यानें पाहिजे तर आंगठी घ्यावी. किल्ली त्याला नको तितक्या लौकर नको तेथें घेऊन जाते. ज्यानें खेळ एकदां पुरा केला आहे त्यानें पदक घ्यावें व जवळ ठेवावें.

२०१८ सालीं हा खेळ नव्या रंगरूपांत पुन्हां प्रसिद्ध झाला. त्यांत पदक भेटींच्या यादींत आहे, आणि परिणाम कांहीं नाहीं ही ओळहि त्याच्याखालीं आहे तशीच आहे.