चेऊलचा पट्टा : एका जपानी रेशमाची कुळकथा

जुन्या जपानी कापडांच्या यादीत ‘चाउजिमा’ नावाचं एक रेशीम आहे. पातळ, वजनाला हलकं, पट्ट्यापट्ट्यांचं. पोत ‘कोहाकु’ विणीसारखा, म्हणजे ताणा बारीक आणि दाट, बाणा त्याहून जाड, त्यामुळे कापडाच्या अंगावर नाजूक आडवी वळी उठते. सामुराई कमरेला बांधत त्या चुणीदार, घोळदार ‘हाकामा’साठी हे कापड वापरत. यातल्या ‘जिमा’चा अर्थ पट्टेरी कापड. आणि ‘चाउ’ म्हणजे आपलं चौल, जुन्या तोंडचं चेऊल. अलिबागच्या खाली, कुंडलिकेच्या मुखाशी, नारळी-पोफळीत दडलेलं रायगड जिल्ह्यातलं गाव. जपानी शब्दकोशांत या कापडाची ओळख अशीच दिली आहे: हिंदुस्थानातल्या चौलचं, पोर्तुगिजांनी आणलेलं.

समुद्रापासून इतक्या आत, बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये बसून चौलच्या कापडाची चौकशी का करावी? पैठणपासून तेरपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर केज त्या रेघेच्या अगदी शेजारी येतं. तेर इथून कळंबमार्गे जवळच. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, ही दख्खनच्या आतली दोन मोठी बाजारगावं म्हणून येतात. तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे. त्याच लेखकाने कल्याणच्या खालचं बंदर म्हणून सेमुल्ला सांगितलं आहे. सेमुल्ला म्हणजेच चौल. मराठवाड्यातलं सूत आणि कोकणातलं बंदर अशी दोन हजार वर्षांपूर्वी एकाच ग्रंथात एकत्र आली आहेत.

पुढे निजामशाहीत तर चौल आणि बीड एकाच राजाच्या ताब्यात होती. केजच्या पलीकडचा धारूरचा किल्ला 1567 मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला आणि थोड्याच काळात तो मुर्तझा निजामशहाने घेतला. हाच मुर्तझा 1570 मध्ये पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घालून बसला. महिनोन्‌महिने तोफा चालल्या, पण चौल पडलं नाही.

चौलचे तेव्हा दोन भाग होते. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगिजांचं चौल, म्हणजे आजचं रेवदंडा. तिथे त्यांनी 1516 मध्ये वखार घातली आणि 1521 मध्ये किल्ला बांधायला घेतला. आतल्या बाजूला निजामशाहीचं वरचं चौल. माग होते ते या वरच्या चौलात. 1580 च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने या विणकरांबद्दल लिहून ठेवलं आहे. चीनमधून कच्चं रेशीम गलबतांतून इथे येई, इथे ते कातलं आणि विणलं जाई, आणि त्याची तऱ्हेतऱ्हेची कापडं हिंदुस्थानभर जात. पुढे 1608 च्या सुमारास आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशानेही चौलच्या रेशमाची तोंडभरून स्तुती केली आहे. त्याच्या मते ते चिनी रेशमी कापडाहून सरस होतं.

या व्यापाराची वाट मला फार विलक्षण वाटते. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि 1571 पासून नागासाकी हे त्यांचं ठरलेलं बंदर झालं. गोव्याहून निघालेलं जहाज मलाक्का आणि मकाव करत नागासाकीला जाई. जाऊन परत यायला दोन-तीन वर्षं लागत. म्हणजे चीनमध्ये पिकलेलं रेशीम पश्चिमेकडे येऊन चौलच्या मागावर चढायचं, आणि कापड होऊन पुन्हा चीनच्या अंगावरून पुढे जपानला जायचं. रेशमाच्या मायभूमीला ओलांडून जाण्याइतकी त्या कापडाची किंमत होती, आणि ती किंमत विणकराच्या हाताची होती. चौलच्या इतिहासात आपण तोफा, तह आणि आरमारं भरभरून सांगतो. या हातांबद्दल मात्र दोन-तीन परदेशी प्रवाशांच्या ओळींवर भागवावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं दूरदेशीचं नाव मिरवणारं चाउजिमा हे जपानातलं एकटंच कापड नाही. मद्रासजवळच्या सांतोमेवरून ‘सांतोमे-जिमा’ आलं, बंगालवरून ‘बेंगारा-जिमा’. आपल्याकडच्या छापील आणि रंगवलेल्या कापडाला जपान्यांनी ‘सारासा’ म्हटलं आणि त्याच्या नक्ष्यांचं ‘सारासा बेनरान’ हे पुस्तक 1778 मध्येच छापलं. 1639 मध्ये शोगुनाने पोर्तुगिजांना हाकलून दिलं, तरी हा ओघ आटला नाही. 1641 पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर कोंडून घातलेले डच हे कापड आणत राहिले.

चाउजिमाची कथा मात्र इथे वळण घेते. तेन्ना शकात, म्हणजे 1681 ते 1684 या काळात, ते क्योतोमध्येच विणलं जाऊ लागलं. माल आणणारे पोर्तुगीज जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती. मागणी उरली होती आणि जुने तुकडे उरले होते. माझ्या मते क्योतोच्या विणकरांनी ते तुकडे उसवून, धागे मोजूनच ही वीण शिकून घेतली असणार. स्वतःच्या मागावर विणायला लागल्यावरही त्यांनी कापडाचं नाव बदललं नाही, ही गोष्ट मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते. ‘चाउ’ लिहायला त्यांनी दोन चित्राक्षरं घेतली, त्यातलं पहिलं चहाचं आहे. कापडाचा चहाशी काही संबंध नाही, अक्षरं फक्त उच्चारासाठी घेतलेली.

इकडे त्याच सुमाराला चौल उतरणीला लागलं होतं. 1668 मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं आणि कंपनीने चौलचे विणकर तिकडे बोलावून वसवायला सुरुवात केली. 1740 पर्यंत रेवदंडा आणि खाडीपलीकडचं कोर्लई मराठ्यांकडे आले, तोवर व्यापार मुंबईला गेला होता. कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी घरं आहेत.

जपान्यांनी परदेशी कापड सांभाळलं कसं, हे सविस्तर सांगायला हवं. चहाच्या विधीत चहापुडीची छोटी बरणी रेशमी बटव्यात ठेवतात. त्या बटव्यासाठी परदेशी कापडाचे वीत-वीतभर तुकडे पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, त्यांना स्वतंत्र नावं मिळाली आणि मातब्बर घरांनी ते वह्यांत चिकटवून ठेवले. हिकोनेच्या ई या सरदार घराण्याकडचा सारासाच्या सुमारे 450 तुकड्यांचा संग्रह आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्योतोच्या गिओन उत्सवातले रथ सजवायला जे जुने गालिचे वापरतात, त्यांतले काही जाणकारांनी दख्खनचे ठरवले आहेत. आणि हे केवळ श्रीमंतांपुरतं नव्हतं. खेड्यातल्या विणणाऱ्या घरांत ‘शिमाचो’ असे, पट्ट्यांची वही. जुन्या हिशेबाच्या कागदांवर घरच्या कापडाचे बोटभर तुकडे ओळीने डकवलेले. घरात आलेली नवी सून ती वही बघून माग लावू शके.

आपल्याकडे अशी वही नाही, वाकळ आहे. केजच्या कुठल्याही घरात आजीने घातलेली जुनी वाकळ उलटून बघा: इरकलीचा काठ, चंद्रकळेचा काळा तुकडा, चौकडीचं पातळ, एखाद्या खणाची चोळी. धाग्याने धागा गाठून हे सगळं तिथे आहे. पण ती वापरून, धुऊन विरते, आणि विरली की तिच्यातला नमुनाही जातो. म्हणून माझं आवर्जून सांगणं आहे, की घरातली वाकळ टाकण्याआधी तिच्यातल्या प्रत्येक लुगड्याचा बोटभर तुकडा कापून वहीत लावावा आणि कुणाचं, कुठल्या बाजारातलं, हे आजी आहे तोवर तिच्याकडून लिहून घ्यावं.

रेशमाची ही देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली आहे आणि ती थेट बीड जिल्ह्यापर्यंत पोचली आहे. 1991 पासून म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने दुबार जातीच्या किड्यांवर काम झालं. हा सहकार्याचा प्रकल्प टप्प्याटप्प्याने 2007 पर्यंत चालला. त्यातून आलेल्या ‘सीएसआर’ जाती जपानी संकरित किड्यांपासून घडवलेल्या आहेत. सीएसआर-2 ही जात शुन्रेई आणि शोगेत्सु या जपानी वाणांपासून काढलेली. आज मराठवाड्यातल्या शेडमध्ये रॅकवर तुतीचा पाला खाऊन चंद्रिकेवर चढणारा, पांढरा शुभ्र कोष करणारा किडा याच घराण्यातला. एका कोषातून जवळपास हजार मीटर अखंड तार निघते. पूर्वी हा कोष विकायला कर्नाटकात रामनगरला न्यावा लागे. 2018 मध्ये जालन्याला बाजार सुरू झाला आणि शेतकऱ्याची ती फरफट कमी झाली. पाण्याची ओढ कायमची असलेल्या आमच्या भागात उसापेक्षा कितीतरी कमी पाण्यावर तुती तगते, म्हणून लोक तिच्याकडे वळले.

बीडमधून अजूनही बहुतेक करून कोषच बाहेर जातो, कापड नाही. पैठणला माग आहेत, येवल्याला आहेत. चाउजिमाची वीण काही गुप्त नाही: बारीक दाट ताणा, जाड बाणा, उभे पट्टे. बीडच्या तारेचं असं एक ठाण पैठणच्या एखाद्या विणकराने विणावं, त्यावर ‘चेऊल’ असं नाव घालावं, आणि त्याचा पहिला तुकडा तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ठेवावा, अशी माझी फार इच्छा आहे.