तळटीप : बाजरीवरील अरगट

अरगट : बाजरीच्या कणसावर जगणाऱ्या ‘क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस’ या परजीवी बुरशीमुळे होणारा रोग. राळेगणसिद्धीसह पारनेर तालुक्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात बाजरी हे खरिपाचे जुने पीक आहे. पीक फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा टिकली, की बुरशीचे बीजाणू परागीभवन न झालेल्या फुलांत शिरतात. प्रथम कणसातून मधासारखा चिकट, गुलाबी द्रव पाझरतो. पाऊस व कीटक यांमार्फत त्यातील बीजाणू इतर कणसांवर पोचतात. पुढे दाण्याच्या जागी गडद, कठीण गाठ तयार होते. तिच्यातील अल्कलॉइडे विषारी असतात. असे धान्य खाल्ल्यास मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी येते. १९५० च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी विषबाधा मोठ्या प्रमाणावर झाली होती. उपाय म्हणून पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या द्रावणात (१० लिटर पाण्यात २ किलो मीठ) टाकतात. हलक्या गाठी तरंगतात, त्या काढून नष्ट करतात. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवतात व मग पेरतात. गाठी जमिनीतही टिकत असल्याने पिकांची फेरपालट आणि खोल नांगरटही आवश्यक ठरते.