कामगाराचा शर्ट आणि आग : सोलापूरच्या संदर्भात अग्निरोधक कार्यवस्त्राची निवड व निगा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सोलापूर शहराची ओळख कापडाने घडविली. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यामागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. तथापि यंत्रमागावरील चादर व टॉवेल यांनी शहराचे कापडाशी असलेले नाते टिकविले. अलीकडे गणवेश शिवणारे शहर म्हणूनही सोलापूरचे नाव झाले असून २०१७ मध्ये गणवेश उत्पादकांचे प्रदर्शन येथे भरले होते. इतरांना वस्त्र पुरविणाऱ्या या शहरात बॉयलर, वेल्डिंग किंवा विजेच्या पॅनेलजवळ काम करणाऱ्या कामगाराच्या स्वतःच्या अंगावरील कपड्याचा विचार मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

कार्यवस्त्राकडे कायद्याने व विज्ञानाने कसे पाहिले याचा मागोवा घेणे आणि त्याआधारे अग्निरोधक शर्टाची निवड व निगा ही जबाबदारी कोणाची, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायदा आणि कामगाराचा कपडा :

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्राभोवती कुंपण घालण्याची तरतूद केली. कायद्याचे लक्ष यंत्रावर होते; कामगाराने काय नेसावे हा त्याचा खाजगी प्रश्न मानला गेला. स्वातंत्र्यानंतरच्या कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये ही दृष्टी बदललेली दिसते. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत, असे कलम २२ ने ठरविले. कपडा हा यंत्राच्या कुंपणासारखाच सुरक्षिततेचा भाग आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

तथापि या तरतुदीसमोर धोका होता तो पट्ट्यात किंवा चाकात कपडा अडकण्याचा. म्हणून तिच्या अनुषंगाने झालेल्या राज्यांच्या नियमांत अर्ध्या बाह्यांचा घट्ट शर्ट अपेक्षित होता. ज्वालेपासून संरक्षणाची गरज याच्या नेमकी उलट आहे. तेथे बाह्या पूर्ण हव्यात, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या हव्यात आणि कापड व त्वचा यांमध्ये हवेचा थोडा थर राहील इतका सैलपणा हवा. एकच ‘कारखान्याचा शर्ट’ सर्व कामांना पुरेल, हा समज त्यामुळे धोक्याचा ठरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. या बदलाच्या काळात हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

अग्निरोधक कापडाचा विकास :

सुती कापड सहज पेट घेते. ज्वलन टिकण्यास लागणारे ऑक्सिजनचे किमान प्रमाण सुतासाठी सुमारे १८ टक्के आहे आणि हवेत ते सुमारे २१ टक्के असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्ये अमोनियमचे क्षार व टाकणखार यांच्या साहाय्याने नाट्यगृहातील कापड अग्निरोधक करण्याची रीत मांडली. परंतु असे क्षार पाण्यात विरघळत असल्याने एका धुण्यातच संरक्षण निघून जाई. पडद्याला ते चालण्यासारखे होते, रोज धुवाव्या लागणाऱ्या कपड्याला नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री पर्किन (कनिष्ठ) यांनी कथिलाचे संयुग धाग्यातच मुरवून धुण्याला टिकणारे फ्लॅनेलेट तयार केले. १९५० च्या दशकात फॉस्फरसयुक्त रसायनांचे बहुवारिक सुती धाग्याच्या आत तयार करण्याच्या पद्धती आल्या. १९६० च्या दशकात नोमेक्स हा तंतू आला. त्याचा ज्वालारोध रेणूच्या रचनेतच असल्याने तो धुण्याने जात नाही.

या क्रमाकडे पाहता अग्निरोधक कापडाचा इतिहास हा बऱ्याच अंशी धुलाईचा इतिहास आहे, असे म्हणता येईल. कापड पेटू नये हा प्रश्न लवकर सुटला. धुतल्यावरही पेटू नये, या प्रश्नाला शतकाहून अधिक काळ लागला.

निवड :

याच काळात भारतात टेरीकॉटचा प्रसार झाला. टिकाऊ, चुण्या न पडणारे व लवकर वाळणारे हे मिश्र कापड गणवेशाला सोयीचे ठरले. ज्वालेजवळ मात्र त्याचा गुण हाच दोष होतो. पॉलिस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळून त्वचेला चिकटते आणि त्यातील सूत जळतच राहते. म्हणून गणवेशाचा साधा शर्ट व अग्निरोधक शर्ट रंगाने, शिवणीने सारखे दिसले तरी ते एक नव्हेत.

खरेदी करताना काम प्रथम पाहावे. वेल्डिंगसाठी आयएसओ ११६११, उष्णता व ज्वालेसाठी आयएसओ ११६१२ ही मानके आहेत. भारतीय मानक आयएस १५७४८ हे उष्णतेच्या सान्निध्यातील औद्योगिक कामगारांच्या वस्त्रांसंबंधी आहे. विजेच्या ठिणगीस्फोटाचा धोका असल्यास त्यासाठी स्वतंत्र चाचणी झालेला शर्टच घ्यावा. ज्वालारोध तंतूतच आहे की प्रक्रियेने आणला आहे आणि किती धुण्यांपर्यंत त्याची हमी आहे, हे विचारावे. शिवणीचा दोराही अग्निरोधक असावा. आतील बनियन सुती असावे, नायलॉनचे नसावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो. जाड शर्ट दिल्यास कामगार बाह्या दुमडतो, गुंड्या सोडतो आणि शर्टाचा उपयोगच उरत नाही. म्हणून आवश्यक संरक्षण देणाऱ्या कापडांपैकी हलके कापड निवडणे येथे अधिक शहाणपणाचे आहे.

निगा :

कारखाना शर्ट देतो; धुणे मात्र बहुधा घरी होते. घरातील चांगल्या धुण्याच्या सवयी येथे घातक ठरू शकतात. क्लोरीनयुक्त ब्लीच प्रक्रिया केलेल्या सुताचा ज्वालारोध कमी करते. खळ आणि कपडे मऊ करणारी द्रावणे ज्वलनशील थर ठेवतात. दख्खनच्या कूपनलिकांचे पाणी अनेकदा दुष्फेन असते. त्यात साबण वापरल्यास न विरघळणारा साका धाग्यात बसतो आणि तोही पेट घेऊ शकतो. म्हणून साबणाऐवजी डिटर्जंट वापरून कपडा भरपूर पाण्यात खळबळावा. तेल-ग्रीसचा डाग राहिलेला शर्ट कामावर घालू नये. फाटलेल्या जागी घरातील साधे ठिगळ लावू नये. छिद्र पडलेला, विरलेला शर्ट बाद करावा.

निष्कर्ष :

शर्टाची मर्यादाही स्पष्ट असावी. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत मालक, त्याचे कुटुंबीय व कामगार असे आठ जण मृत्युमुखी पडले. आग इमारतीलाच वेढते तेव्हा बाहेर पडण्याची वाट महत्त्वाची असते. शर्ट तिची जागा घेऊ शकत नाही. तो क्षणिक ज्वालेत कपडा जळत राहू देत नाही आणि दूर होण्यास काही क्षण देतो, एवढेच त्याचे कार्य आहे. पण भट्टीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला तेवढेच क्षण हवे असतात.

१९४८ च्या अधिनियमाने शर्ट पुरविण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. अग्निरोधक शर्टाच्या बाबतीत ती जबाबदारी धुण्यापर्यंत नेणे क्रमप्राप्त आहे. दोन-तीन शर्टांचा संच, कारखान्याच्या देखरेखीखाली धुलाई, प्रत्येक शर्टाच्या धुण्यांची नोंद आणि निगेच्या मराठी सूचना या गोष्टी अवघड नाहीत. त्या न झाल्यास कामगाराच्या घरी कोणीतरी काळजीने, ब्लीच टाकून, स्वच्छ धुतलेला शर्टच त्याचे संरक्षण हिरावून घेईल आणि त्याचा दोषही त्या घरावरच येईल. कापडाची जाण पिढ्यान्‌पिढ्या बाळगणाऱ्या सोलापूरने या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी अपेक्षा अनाठायी ठरू नये.