डायनामो गेला, नाव राहिलं

आमच्या सौंदडवरून मुंबई-कोलकाता हायवे जातो (पूर्वीचा ६ नंबर, आताचा ५३). त्यामुळे बंद पडलेल्या गाड्या बघायला मिळणं हे इथलं फुकटचं सुख! बॅटरी उतरली की निदान ठरलेलं असतं, "डायनामो गेला." खरं तर आजच्या कोणत्याही कारमध्ये डायनामो नसतो, अल्टरनेटर असतो. नाव राहिलं तर काही बिघडत नाही. पण नावासोबत त्या काळच्या तपासण्याही राहिल्या आहेत, आणि त्या महागात पडतात.

सुरुवात बॅटरीपासून करायला हवी, कारण तिच्यात मुळातून फारसा बदल झालेला नाही. शिसं आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली. आपल्या कारमध्ये तिचे सहा कप्पे असतात. भरलेल्या कप्प्यात २.१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे गाडी बंद असताना एकूण १२.६. मीटरवर १२.२ दिसलं तर बॅटरी साधारण अर्धी उरली समजायचं. भरायची तर बाहेरून जास्त दाब द्यावा लागतो, पण कप्प्याला २.४ च्या वर गेलं की आतलं पाणी वायू होऊन उडायला लागतं. २.४ गुणिले सहा, १४.४. मेकॅनिक ज्या "चौदा"चा जप करतात तो इथून आला.

हे चौदा सांभाळणं डायनामोला फार जड जायचं. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बसवला आणि गाडीत बॅटरी कायमची आली. तिला भरायला डायनामो. युद्धकाळातली विलीज जीप तर ६ व्होल्टची होती. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पुढे १२ व्होल्ट आले, तरी डायनामोची खोड तीच. इंजिन हळू चालत असलं की तो जवळजवळ काहीच देत नसे. उलट बॅटरीच त्याच्यात रिकामी व्हायची! ते रोखायला कटआऊट. शेजारी रेग्युलेटर, तोही स्प्रिंग आणि पॉइंटचा. पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे, कार्बन बदलायचे, की गाडी चालू. उभ्या गाडीत दिवे मिणमिणणं आणि लाल दिवा लुकलुकणं हा तेव्हा आजार नव्हता, स्वभाव होता.

त्या काळची तपासणी अशी: गाडी चालू करायची, रेस द्यायची, बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालत राहिलं तर डायनामो ठीक. फार तर एखादा बल्ब उडायचा.

मग सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटवर अल्टरनेटर दिला. आपल्याकडे तो सावकाश आला, पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती अल्टरनेटर घेऊनच. तो हळू इंजिनवरही चार्ज करतो. कटआऊट नाही, कारण डायोड वीज उलट जाऊच देत नाहीत. पण चालू गाडीत बॅटरीची वायर काढली की व्होल्टेज क्षणात कित्येक पटीने उसळतं, आणि डायोड, रेग्युलेटर, नशीब फिरलं तर गाडीचा कॉम्प्युटरही जातो. जी तपासणी आजोबांच्या जीपला चालत होती ती नातवाच्या कारचा खून करते. हायवेवर ती अजून सर्रास होताना दिसते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणखी एक फरक. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असायचं, त्यामुळे बॅटरी ठार मेली तरी धक्का मारून काम भागे. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीतूनच थोडी वीज लागते, आणि ती बहुतेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून येते. तो दिवा उडाला की अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही. कोण तपासतं बल्ब?

तपासायचं ते मीटरने. चालू गाडीत, दिवे लावून, बॅटरीवर १३.५ ते १४.५ मिळालं तर ठीक. कमी असेल तर आधी पट्टा पाहा. मग अल्टरनेटरच्या जाड तारेवर आणि बॅटरीच्या प्लसवर मीटर लावा. तिथे ०.३ पेक्षा जास्त फरक म्हणजे तार किंवा कनेक्शन खराब. इंजिनच्या अंगावर आणि बॅटरीच्या मायनसवरही तसंच, म्हणजे अर्थिंग कळतं. मीटर एसीवर टाकून अर्धा व्होल्ट दिसला तर डायोडवर संशय घ्या. आपल्या विदर्भातल्या ४५ अंशाच्या मे महिन्यात मात्र १३.६ दिसलं म्हणून घाबरू नका. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, दर अंशाला साधारण २० मिलिव्होल्टने कमी.

आता तर चौदाचा जपही पुरत नाही. अनेक नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच ठरवतो कधी भरायचं. डिझेल-पेट्रोल वाचवायला तो बॅटरी भरली की अल्टरनेटरला आराम देतो. गेल्या वर्षी आमच्या एका नातेवाइकाच्या गाडीला चालू असताना १२.७ दिसलं आणि एका गॅरेजने अल्टरनेटर बदलायचं सांगितलं. किंमत ऐकून घरात दोन दिवस तोच विषय! शेवटी हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम लावून पाहिलं. काही सेकंदांत मीटर १४.३ वर. ती गाडी त्याच अल्टरनेटरवर अजून देवरीच्या जंगलातून रात्रीची ये-जा करते आहे.