खाद्यतेलाचा व्यापारतोल आणि भारताचे शुल्कधोरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
देशाचा खाद्यपदार्थांचा व्यापारतोल लोकसंख्या आणि शेतजमीन यांवरून ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. भारतातील खाद्यतेलाच्या बाबतीत मात्र शासकीय शुल्कधोरणही तितकेच निर्णायक ठरले. प्रस्तुत लेखात या धोरणाचा आढावा घेतला आहे.

स्वयंपूर्णतेचा कालखंड :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी भुईमूग, जवस आदी तेलबियांची निर्यात करणारा भारत १९८० च्या दशकापर्यंत खाद्यतेलाचा मोठा आयातदार बनला होता. ही आयात राज्य व्यापार महामंडळामार्फत होत असे. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. सुधारित बियाणे, आधारभूत किमती आणि आयातीवरील नियंत्रण यांची त्यात सांगड होती. १९८५-८६ मधील सुमारे १०८ लाख टन तेलबिया उत्पादन १९९८-९९ मध्ये सुमारे २४७ लाख टनांवर गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता.

खुली आयात व तिचे परिणाम :
१९९४ मध्ये पामतेलाची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. हे शुल्क १९९५ मध्ये ३० आणि १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आले. इंडोनेशिया व मलेशियातील स्वस्त पामतेलाने बाजारपेठ व्यापली. शहरी गरीब ग्राहकास दिलासा मिळाला. परंतु सौराष्ट्रातील भुईमूग उत्पादकास आणि पुढे लातूरच्या सोयाबीन उत्पादकास या स्पर्धेची झळ बसली. नंतर शुल्क वाढविण्यासही मर्यादा होती. जागतिक व्यापार संघटनेत पामतेलावरील कमाल शुल्क ३०० टक्के, तर सोयातेलावरील केवळ ४५ टक्के मान्य झाले होते. त्यामुळे पामतेल फार महाग केल्यास आयात कमी न होता सोयातेलाकडे वळण्याचा संभव होता.

अलीकडील घडामोडी :
एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली, तेव्हा परावलंबनाची जोखीम स्पष्ट झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. पहिला निर्णय उत्पादकाच्या, तर दुसरा ग्राहकाच्या हिताचा होता.

निष्कर्ष :
वाढते दरडोई सेवन आणि कोरडवाहू शेतीची अल्प उत्पादकता हीही आयातवाढीची कारणे होत. तथापि, शुल्क वारंवार बदलत राहिल्यास तेलबियांचा पेरा वाढविण्याचा विश्वास शेतकऱ्यास वाटत नाही. १९८६ नंतरचे यश बियाणे, भाव आणि आयात यांचा एकत्रित विचार झाल्यामुळे मिळाले होते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.