जुनी हायब्रीड मोटार घेताना सर्व्हिस रेकॉर्ड तपासा!

प्रतिनिधी, चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर)

जुनी मोटार पाहावयास गेलेला ग्राहक पूर्वापार तीन गोष्टी करतो. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो आणि मीटरवरील किलोमीटरचा आकडा वाचतो. पेट्रोल व डिझेल मोटारींच्या बाबतीत ही पद्धत बऱ्यापैकी चालून गेली. हायब्रीड मोटारीत मात्र ती अपुरी पडते. या मोटारीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक असलेली उच्च दाबाची बॅटरी डोळ्यांना दिसत नाही आणि आवाजही करीत नाही. तिची प्रकृती कशी राहिली, हे समजून घेण्याचा पहिला आधार म्हणजे मोटारीचे सर्व्हिस रेकॉर्ड.

या शहराला मोटारींची हौस नवी नाही. तत्कालीन औरंगाबादमधील उद्योजक व व्यावसायिकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली होती. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीने या जिल्ह्यात प्रकल्प उभारण्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. दरम्यान २०२२ पासून हायब्रीड मोटारी मध्यमवर्गीयांच्या दारात पोहोचल्या असून त्या आता जुन्या बाजारातही येऊ लागल्या आहेत.

हायब्रीड म्हणजे नेमके काय?

विक्रेत्याच्या तोंडी 'हायब्रीड' हा एकच शब्द असला तरी त्याचे तीन प्रकार आहेत. माइल्ड हायब्रीडमध्ये छोटी बॅटरी इंजिनाला केवळ मदत करते. मोटार निव्वळ विजेवर धावू शकत नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये आणलेली 'एसएचव्हीएस' प्रणाली या गटातील होय. स्ट्राँग हायब्रीड काही अंतर विजेवर धावते आणि तिची बॅटरी चालता चालता भरते. होंडा सिटी ई-एचईव्ही, मारुती ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रीड आवृत्ती, टोयोटा हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस ही तिची उदाहरणे. प्लग-इन हायब्रीडची बॅटरी त्याहून मोठी असते आणि ती बाहेरून चार्ज करता येते.

भारतात प्लग-इन हायब्रीड मोटारी मोजक्या आणि मुख्यतः आलिशान गटातील आहेत. बीएमडब्ल्यू आय-८ (२०१५), व्होल्वो एक्ससी-९० टी-८ (२०१६) व बीएमडब्ल्यू एक्सएम (२०२२) ही त्यांतील प्रमुख नावे. नवी असताना कोटीच्या पुढे असणारी अशी मोटार जुन्या बाजारात बरीच स्वस्त मिळाली, तर मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र मोटारीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. हमीची मुदत संपलेल्या मोटारीची बॅटरी बदलण्याची वेळ आल्यास खर्च काही लाखांत जाऊ शकतो.

विक्रेता कोणता प्रकार सांगतो, हे आरसीवरील इंधनाच्या नोंदीशी ताडून पाहावे. 'पेट्रोल/हायब्रीड' एवढ्या नोंदीवरून माइल्ड की स्ट्राँग, हे कळेलच असे नाही. त्यासाठी मॉडेलचे पूर्ण नाव पाहावे.

किलोमीटरचा आकडा का फसवतो?

चिकलठाण्यातून शेंद्रा औद्योगिक वसाहतीत रोज जाणाऱ्या दोन मालकांची कल्पना करा. दोघांकडे एकच प्लग-इन मॉडेल आहे. पहिला रात्री घरी चार्जिंग करतो; त्याचे इंजिन अनेक दिवस सुरूच होत नाही. दुसरा चार्जिंगची केबल डिकीतून बाहेर काढत नाही. त्याच्या इंजिनावर रोज ताण पडतो. तीन वर्षांनी दोघांच्या मीटरवर तीस हजार किलोमीटर दिसतील, परंतु मोटारी सारख्या राहिलेल्या नसतील. पहिल्याची बॅटरी अधिक वापरली गेली असेल, तर दुसऱ्याचे इंजिन. हा फरक मीटर सांगत नाही.

इंजिन कमी चालले म्हणून सर्व्हिसिंग टाळले तरी चालते, हाही गैरसमज आहे. इंजिन ऑइल किलोमीटरनुसार बदलावे लागते, तसेच ठरावीक मुदत उलटली तरी बदलावे लागते. टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोलही आपला गुण गमावते. म्हणून 'गाडी चाललीच नाही, सर्व्हिसिंग कशाला?' असे सांगणाऱ्या मालकाकडे सावधपणे पाहावे.

रेकॉर्डमध्ये काय वाचावे?

छापील सर्व्हिस बुकवरील शिक्क्यांवर विसंबू नये. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे आणि चॅसिस क्रमांकावरून संगणकातील संपूर्ण नोंद काढून घ्यावी. तीत पुढील बाबी पाहाव्यात.

तारीख व किलोमीटर : दोन्ही आकडे चढत्या क्रमाने असले पाहिजेत. समजा, तिसऱ्या सर्व्हिसिंगला ३१ हजार किलोमीटर आणि चौथ्याला २९ हजार अशी नोंद असेल, तर मीटर मागे फिरविल्याची शंका घ्यावी. दीड-दोन वर्षांचा खंड दिसल्यास बाहेरील गॅरेजची बिले मागावीत.

बॅटरीची तपासणी : उच्च दाबाच्या बॅटरीच्या चाचणीचे अहवाल जोडले आहेत काय, दोषसंकेत नोंदले गेले होते काय आणि त्यावर कोणती दुरुस्ती झाली, हे विचारावे. एकच दोष वारंवार पुसून काढला असेल आणि दुरुस्तीची नोंद नसेल, तर तो धोक्याचा इशारा होय.

थंडाव्याची व्यवस्था : उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. चिकलठाणा वेधशाळेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जातो, हे येथील नागरिकांस सांगावयास नको. टोयोटाच्या अनेक हायब्रीड मोटारींत बॅटरी थंड ठेवण्यासाठी मागील आसनाजवळील जाळीतून हवा खेचली जाते. धुळीने ती चोंदली तर बॅटरी तापते. जाळी साफ केल्याची, तसेच द्रवाने थंड होणाऱ्या प्रणालीत कूलंट बदलल्याची नोंद शोधावी.

सॉफ्टवेअर व रिकॉल : बॅटरी, मोटर व इंजिन यांचा मेळ संगणक घालतो. कंपनीने सुचविलेले सॉफ्टवेअर बदल आणि रिकॉलमधील कामे पूर्ण झाली आहेत ना, हे चॅसिस क्रमांकावरून कळते.

अपघात व पाणी : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा मोटारी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जाण्याचा धोका प्रत्येक पुरानंतर असतो. हायब्रीड मोटारीत पाणी शिरणे अधिक घातक. मोटार मूळची कोणत्या शहरातील, हे आरसीवर पाहावे आणि विमा कंपनीकडील दाव्यांचा तपशील मालकाकडून मागून घ्यावा.

बाहेरची वायरिंग : उच्च दाबाच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात. त्यांवर चिकटपट्टी किंवा जोड दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. या वायरींना स्वतः हात लावू नये.

प्लग-इन मोटार असल्यास मूळ चार्जिंग केबल मागावी आणि रात्रभर चार्जिंग करून मोटार विजेवर किती अंतर जाते, ते पाहावे. कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडे कमी अंतर स्वाभाविक आहे. निम्म्यावर आले असेल तर बॅटरीची सविस्तर चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर शहरात आहे काय, हेही आधी पाहावे. अन्यथा प्रत्येक तक्रारीसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल.

हमी कोणाच्या नावे?

मारुती, टोयोटा व होंडा यांच्या वरील स्ट्राँग हायब्रीड मोटारींच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर हमी आहे. ही मुदत मोटारीच्या पहिल्या विक्रीपासून मोजली जाते. हमी नव्या मालकास मिळते काय, आणि चुकलेल्या सर्व्हिसिंगमुळे ती बाधित झाली आहे काय, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे.

कायद्याची बाजू

जुनी वाहने विकणाऱ्या डीलरने परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यावे, अशी तरतूद १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ते पत्र पाहण्याचा आग्रह धरावा. डीलरने दोष लपविल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे. स्वतःची मोटार विकणारी व्यक्ती मात्र सामान्यतः व्यापारी ठरत नसल्याने तेथे हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. म्हणूनच ओळखीच्या माणसाकडून मोटार घेताना तपासणी अधिक कसोशीने करावी. संकोचापोटी न विचारलेला प्रश्न पुढे महागात पडतो.

राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळविणे आवश्यक आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा.

बयाणा देण्यापूर्वी हे पाहा

* चॅसिस क्रमांक मोटारीवर, आरसीवर व सर्व्हिस रेकॉर्डवर एकच आहे.
* 'एम-परिवहन' ॲपवर नोंदणी, विमा व कर्जाचा बोजा तपासला आहे.
* कर्ज फिटले असल्यास बँकेची एनओसी व फॉर्म ३५ हाती आहे.
* अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा ताजा चाचणी अहवाल घेतला आहे.
* हमीची उरलेली मुदत लेखी मिळाली आहे.
* 'तपासणीत दोष आढळल्यास बयाणा परत' ही अट पावतीवर लिहून घेतली आहे.

तपासणीसाठी खर्च व एक दिवसाची सुटी पडेल. मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये येण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल, तर किंमत कितीही कमी असो, ती मोटार सोडून देणेच शहाणपणाचे.